एका फोटोला लागणारी शाई

आई गुरुवारी परत आली. हे मी इथेच सांगून टाकतो आणि लगेच मागे घेतो. आई आलेली नाही. दाराशी तिची चप्पल नाही, खुंटीवर तिची छत्री नाही, आणि गुरुवार अजून उगवायचाच आहे. तूर्त घरात बाबा आहेत, मी आहे, आणि खिडकीखालच्या स्टुलावर नवा फोटो छापायचा प्रिंटर आहे, ज्याचा लाल दिवा माझ्या डोळ्यांदेखत आत्ताच लुकलुकायला लागला आहे. लाल दिव्याशी माझा धंद्याचा संबंध आहे. मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारींच्या टेबलावर बसतो. तिथे दिवा लागला की समजायचं, कुणीतरी कुठेतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलंय. मी फोन उचलून सांगतो, घाबरू नका, जागचे हलू नका. परवा एक बाई म्हणाल्या, हलून जाऊ कुठे? ते वाक्य तेव्हापासून माझ्या खिशात आहे, आणि घरी आल्यावर हात घातला की ते बोटांना लागतं. हा दिवा मात्र शाईचा होता. मोजके फोटो छापून झाले होते. स्वयंपाकघराचा एक, दिवाणखान्याचा एक, कपाटाचा एक, माझा स्वतःचा एक (चाचणीसाठी, फाडून टाकला), असे. एवढ्यात या यंत्राला तहान लागली. मी दुकानात जाऊन शाईच्या नव्या संचाची किंमत विचारली. दुकानदाराने ती अशा मऊ आवाजात सांगितली की मी आधी खुर्ची शोधली. यंत्राच्या किमतीपेक्षा ती जेमतेम कमी होती. मी म्हटलं, मग नवीन प्रिंटरच का घेऊ नये? तो म्हणाला, ‘‘घ्या की. पण बरोबर येते ती शाई अर्धीच असते हं.’’ हे त्याने इतक्या प्रेमाने सांगितलं की मी त्याचे आभार मानून बाहेर पडलो, आणि रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मला घाम फुटलाय.

प्रिंटर मी घेतला तो आईसाठी. आई ताईकडे गेली होती, ताईचं बाळंतपण करायला. बाळ मान धरेपर्यंत राहते, म्हणाली. बाळाने मान धरली. बाळ पालथं पडायला लागलं, बसायला लागलं, आता रांगत होतं, टेबलक्लॉथ ओढून कपबश्या फोडत होतं, आणि आई अजून तिथेच. फोनवर मी विचारायचो, कधी येतेस? ती म्हणायची, ‘‘बघू.’’ बाबा विचारायचे नाहीत. ते मी बोलत असताना शेजारी उभे राहून फोनच्या वायरीला पडलेले पीळ सोडवायचे. एकदा मी तिला मोबाइलवर घराचे फोटो पाठवले, बघ, सगळं जागच्या जागी आहे. ती म्हणाली, ‘‘पडद्यावर काय, सगळ्यांचीच घरं नीटनेटकी दिसतात. कागदावर पाठव. मला हातात धरून बघू दे.’’ आई आयुष्यभर हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. काचेवर आलेल्या चित्रावर तिचा विश्वास नाही. कुठलाही फोटो, लग्नातला असो नाहीतर सहलीतला, ती आधी खिडकीशी नेऊन उजेडात धरते, डोळे बारीक करते, आणि मगच म्हणते, छान आलाय. फोटोतल्या माणसांना वाटतं ती त्यांचे कपडे बघतेय. ती हाडं बघत असते.

ती का येत नाही हे आम्हा दोघांना माहीत होतं, आणि ते आम्ही एकमेकांना सांगत नव्हतो. बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानांतल्या तागड्या तपासायच्या, लबाड वजनं जप्त करायची, खऱ्यांवर शिक्का मारायचा. निवृत्त झाल्यावर शहरातल्या तागड्या त्यांच्या हातून सुटल्या आणि घर तावडीत सापडलं. त्यांनी दूध मोजलं. साबण मोजला. माझी आंघोळ मोजली. आई हे सगळं हसण्यावारी न्यायची, एखादं मोठं पोर घरात खेळतंय अशा थाटात त्यांना वळसा घालून जायची. मग एके दिवशी त्यांनी सोनाराच्या कामाचा छोटा काटा आणून शेगडीशेजारी ठेवला आणि आई भाजीत मीठ घालणार तेवढ्यात तिची चिमूट मधेच अडवली. पाच दिवस त्यांनी ती चिमूट तोलली. सहाव्या दिवशी जेवताना, अहवाल वाचावा तशा आवाजात, म्हणाले, ‘‘अगं, तुझी चिमूट स्थिर नाही.’’ मला आठवतं ते एवढंच, की आईने घास खाली ठेवला आणि स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. जणू तो दुसऱ्या कुणाचा, वापरायला आणलेला अंगठा आहे. आठवड्याभराने ताईचा फोन आला तेव्हा आई निघाली. तिची बॅग बाळंतपणाच्या मानाने मोठी होती. बाबांच्याही ते लक्षात आलं असणार, कारण बॅग उचलून रिक्षात ठेवताना त्यांनी ती क्षणभर हातात तोलली, सवयीने. आईने ते पाहिलं.

तर लाल दिवा लागला आणि बाबा आतून काटा घेऊन आले. ‘‘किती छापले?’’ मी सांगितलं. ‘‘शाई किती लागली?’’ म्हटलं, संपत आलीय. ‘‘संपत आलीय हे माप नाही,’’ बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खूप दिवसांनी ऑफिसात जायची चमक आली होती, आणि मला ती बघून आधी बरं वाटलं आणि मग मिठाची चिमूट आठवली. नवा संच आला. बाबांनी हातमोजे घातले. निळी, किरमिजी, पिवळी, काळी अशी चार कार्ट्रिजं त्यांनी एकेक करून काट्यावर ठेवली, फोटो छापला, पुन्हा काढून ठेवली. जेवढं कमी भरलं तेवढी त्या फोटोची शाई. सवाल साधा होता: घरी छापणं परवडतं, की कोपऱ्यावरच्या स्टुडिओत? साध्या सवालांनीच माणसाच्या नाकी नऊ येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंटर सुरू केला, त्याने नुसतीच गुरगुर केली, एक कागद छापला नाही, आणि कार्ट्रिजं तरी हलकी भरली.

‘‘हा काही न छापता पितो?’’ बाबा म्हणाले.

‘‘तोंड धुतो, बाबा. नळ्या चोंदू नयेत म्हणून. सुरू केला की धुतो.’’

‘‘शाईने?’’

‘‘त्याच्याकडे दुसरं काय आहे?’’

‘‘मग बंदच करायचा नाही.’’

प्रिंटर चालू राहिला. मग बाबा जिन्यातल्या विजेच्या मीटरसमोर खुर्ची टाकून बसले, तिथे फिरणारी चकती बघत. शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना, चष्मा घरात राहिल्याने, वाटलं वीज तोडायला माणूस आलाय. त्यांनी बाबांना पाणी विचारलं आणि दोन महिन्यांची मुदत मागितली. बाबा म्हणाले, मी विचार करतो. मला हे सगळं ऑफिसात सांगून लोकांना हसवता आलं असतं, आणि मी सांगितलंही. पण सांगताना माझ्या लक्षात यायचं की लोक हसत असतात तेव्हा मी घरातल्या त्या स्टुलाकडे बघत असतो, जिथे आई बसून शेंगा सोलायची आणि आता एक यंत्र बसून तोंड धुतंय.

शोध लागला तो बुधवारी. फोटो जितका काळा, तितकी शाई जास्त. हे कुणालाही न तोलता कळलं असतं, पण बाबांना ते तोलून कळलं, त्यामुळे त्यांचा त्यावर विश्वास बसला. खिडकीतल्या आकाशाचा फोटो जवळजवळ फुकट पडला. दिवाणखान्याचा मधला भाव. आणि आईच्या कपाटाचा फोटो, ज्यात दुसरं काहीच नव्हतं, नुसतं ते काळ्या लाकडाचं, तिने पहिल्या पगारात घेतलेलं, दोन माणसांना सहजी न हलणारं कपाट होतं, तो त्या आकाशाच्या कितीतरी पट. बाबा तो फोटो हातात धरून म्हणाले, ‘‘हे कपाट महाग आहे.’’ मी म्हटलं, ‘‘कपाटाचे पैसे कधीच फिटलेत, बाबा.’’ ते म्हणाले, ‘‘मी चालू खर्चाबद्दल बोलतोय.’’

स्टुडिओवाला या सगळ्यात एकमेव समाधानी माणूस होता. त्याला सगळे स्माईल म्हणतात, कारण तो पासपोर्टच्या फोटोलाही स्माईल म्हणतो आणि मग हसलात म्हणून पुन्हा बसवतो. बाबा मला घेऊन त्याच्याकडे दर विचारायला गेले.

‘‘घरी छापताय?’’ स्माईल म्हणाला. ‘‘छापा ना, साहेब. सगळे छापतात. मग तेच यंत्र उचलून माझ्याकडे येतात, म्हणतात, हे विकता येईल का बघ. मागे सात ठेवलेत. एकावर मांजर झोपतं.’’

‘‘काळ्या फोटोचा आणि पांढऱ्या फोटोचा दर सारखाच?’’

‘‘सगळ्यांना सारखाच.’’

‘‘म्हणजे पांढऱ्यावर अन्याय आहे.’’

स्माईलने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. ‘‘साहेब,’’ तो म्हणाला, ‘‘पांढरा फोटो छापून घ्यायला येतं कोण?’’

बाबांनी ते ऐकलं नाही. त्यांच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. परत येताना ते भराभर चालत होते, मला गाठायला पळावं लागत होतं, आणि ते मधेच थांबून म्हणाले, ‘‘फोटो काळा का येतो? घर काळं आहे म्हणून.’’ मी हो म्हटलं. मला वाटलं हा विचार इथेच संपला. पण काही घराण्यांत विचार तोंडात संपत नाहीत, हातापायांत उतरतात. संध्याकाळपर्यंत आईने शिवलेले गडद हिरवे पडदे उतरले. सोफ्यावर पांढरी चादर आली. टेबलावर पांढरी चादर आली. कपाट आम्ही दोघांनी, तळाशी जुनी सतरंजी घालून, तासाभराच्या ढकलाढकलीनंतर बाल्कनीत काढलं. त्याच्या मागची भिंत कपाटाच्या आकारात पिवळट निघाली, म्हणून बाबांनी पांढऱ्या रंगाचा डबा आणला आणि ती भिंत रंगवली. मग ती भिंत इतकी पांढरी दिसायला लागली की बाकीच्या तीन चूक केल्यासारख्या उभ्या राहिल्या. म्हणून त्याही रंगवल्या. रंगाचा खर्च? मी विचारलं. ‘‘तो भांडवली,’’ बाबा म्हणाले. शिडीवर, कानापर्यंत रंग माखलेले, कागदाची टोपी घातलेले. मला मान्य करायला हवं की मीही त्या दिवसांत सुखात होतो. घरात काहीतरी चाललं होतं. ब्रशचा ओला आवाज, रंगाचा नाकात बसणारा वास, आणि बाबा शीळ घालत होते. आई गेल्यापासून आम्ही दोघं एका घरात राहत होतो ते दोन वेगवेगळ्या मजल्यांवरच्या माणसांसारखे. आता निदान एकाच शिडीवर होतो.

मग फोटो छापले. पांढरी भिंत, पांढरा सोफा, उघड्या खिडक्या, त्यांतून येणारं पांढरं ऊन. बाबांनी तोलून पाहिलं, भागाकार केला, यंत्राच्या तोंडधुण्याचा वाटाही त्यात धरला, आणि मान वर केली. ‘‘स्माईलपेक्षा कमी,’’ ते म्हणाले. एवढंच म्हणून त्यांनी हात पुढे केला. वडिलांशी हस्तांदोलन करायची ही माझी पहिलीच वेळ. त्यांचा तळवा कोरडा आणि आश्चर्य वाटावं इतका लहान होता, आणि त्यांनी माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मला शंका आली, तोलताहेत की काय. पण नाही. नुसता धरला होता. फोटो त्याच दिवशी कुरिअरने गेले. मी मनात म्हटलं, आता ती येते. आता हे एवढं लख्ख घर बघून कुणीही येईल.

फोन आला तो ताईचा.

‘‘गधड्या, घराचं काय केलंत?’’

‘‘का? रंगवलं.’’

‘‘रंगवलं? घर विकायला काढलंय असं वाटतंय. सगळीकडे चादरी काय टाकल्यात? कुणी गेलंय का?’’ मागे बाळ काहीतरी आपटत होतं. ताईने आवाज उतरवला. ‘‘आईने एकेक फोटो खिडकीशी धरून बघितला. मग बसली. म्हणाली, मी गेल्यावर घरात एवढा उजेड पडला होय.’’

मी काही बोलायच्या आत आई फोनवर आली. तिचा आवाज शांत होता. हॉस्पिटलात ती ज्या आवाजात पेशंटला सांगायची, श्वास घ्या, रोखा, हलू नका, तो. लहानपणी मी तिच्याबरोबर कधी कधी जायचो, एक्स-रे अडवणाऱ्या शिशाच्या दारामागे उभा राहायचो. हाड मोडलेलं दिसलं तरी ती पेशंटला सांगायची नाही, ते काम डॉक्टरांचं. ती फक्त म्हणायची, बरं. आणि त्या बरंवरून मला कळायचं, याचं मोडलंय.

‘‘माझं कपाट कुठाय?’’

‘‘बाल्कनीत.’’

‘‘पावसापाण्यात?’’

‘‘वर प्लॅस्टिक टाकलंय.’’

‘‘आणि ते का?’’

खोटं बोलायची संधी होती. जगात हजार कारणं आहेत कपाट बाल्कनीत ठेवायची. वाळवी म्हणू शकलो असतो. पण मी तक्रारींच्या टेबलावरचा माणूस, मला विचारलं की मी बिघाड सांगतो. ‘‘आई,’’ मी म्हटलं, ‘‘त्याने शाई वाचते.’’

तिकडे बाळाने पुन्हा काहीतरी आपटलं.

‘‘बरं,’’ आई म्हणाली. आणि मग, जाता जाता सांगावं तसं, ‘‘ताईने मला इथे वेगळी खोली दिलीय. पूर्वेला खिडकी आहे. बँकेतला पत्ता तेवढा इथला करून घेते आता. उगाच पत्रं तिकडे येऊन पडायला नकोत.’’

मी फोन ठेवला तेव्हा माझ्या कानात ते बरं राहिलं होतं, जसं आंघोळीनंतर पाणी राहतं आणि डोकं कुठेही कलतं केलं तरी निघत नाही. पत्ता बदलणं. लोक रागावतात, रुसतात, माहेरी नाहीतर लेकीकडे जाऊन राहतात, यातलं सगळं परत फिरवता येतं. पण बँकेतला पत्ता बदलायला सही लागते, आणि आईची सही मला माहीत आहे, ती एकदा केली की खाली रेघ ओढते. मी पांढऱ्या दिवाणखान्यात उभा होतो आणि मला पहिल्यांदा ते घर तिच्या डोळ्यांनी दिसलं. कुठेच कुणी राहत नव्हतं. आम्ही शाई वाचवता वाचवता तिला पुसून काढलं होतं, आणि वर ते किती स्वस्तात झालं याबद्दल एकमेकांचे हात हातात घेतले होते. हसू आलं मला. हे माझं नेहमीचंच, पोटात कळ आली की तोंडाला हसू येतं. शाळेत त्यापायी मार खाल्लाय.

बाबांना सांगितलं. ते खुर्चीत होते, नखांतला रंग काढत. पत्त्याचं सांगितलं तेव्हा ते थांबले. ‘‘तू तिला काय म्हणालास?’’

‘‘शाई वाचते म्हणालो.’’

‘‘खरं तेच सांगितलंस,’’ बाबा म्हणाले, आणि पुन्हा नख उकरायला लागले. पण त्या नखात आता रंग नव्हता.

शनिवार तसाच गेला. बाबांची शीळ नाही, काटा नाही. मी मनातल्या मनात त्यांच्याशी खूप भांडलो. एक फोन करा, म्हटलं, चुकलं म्हणा, तीन अक्षरं आहेत, फुकट आहेत, त्यांना शाई लागत नाही. पण मनातल्या भांडणात मी बाबांची बाजूही मीच मांडतो, त्यामुळे निकाल लागत नाही. मनातले बाबा म्हणाले, फुकट आहेत म्हणूनच तर.

रविवारी दुपारी मला घरघर ऐकू आली. बाबा एकटेच कपाट आत ओढत होते. सतरंजी घातली नव्हती. फरशीवर दोन लांब ओरखडे उठत होते आणि ते त्यांच्याकडे बघतही नव्हते. मी हात लावला. कपाट भिंतीला लागलं. मग त्यांनी पडदे चढवले, एक उलटा. चादरी काढल्या. खिडक्या लावल्या. दिवे घालवले. भर दुपारी खोली विहिरीसारखी झाली. मग ते आत गेले आणि खात्यात असताना थंडीत घालायचे तो काळा कोट घालून आले, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि कपाटाला पाठ लावून उभे राहिले, ताठ, बाजूला हात सोडून.

‘‘काढ.’’

‘‘बाबा, काही दिसत नाहीये.’’

‘‘दिसत नाही ते बघू नकोस. जे आहे ते काढ.’’

मी काढला. काळ्या कपाटापुढे काळा कोट, वर एक चेहरा, तोही अर्धा. बाबांनी प्रिंटरमध्ये सगळ्यात मोठा कागद घातला, जो आम्ही चुकून घेतला होता आणि परत करणार होतो. दर्जा? मी विचारलं. ‘‘उत्तम.’’ कडेला पांढरी पट्टी सोडू? ‘‘कडेपर्यंत.’’ पडद्यावर पाटी आली: शाई कमी आहे, पुढे जायचं का? मी बाबांकडे बघितलं. या माणसाने एकदा एका दुकानदाराला अर्ध्या लवंगेवरून कोर्टात उभं केलं होतं. ‘‘जायचं,’’ ते म्हणाले.

यंत्र सुरू झालं. का कोण जाणे, फोटो पायांकडून यायला लागला. काळं, काळं, आणखी काळं. इतकी शाई जात होती की आवाजच ओला येत होता. बूट आले, कोटाचा घेर आला, बटणं एकेक करून वर चढली. आम्ही दोघं वाकून बघत होतो, आणि मला ते कपाट हळूहळू उघडतंय असं वाटत होतं. कुठल्या तरी बटणाशी पिवळी संपली. शेवटी चेहरा आला तो जांभळा. एखाद्या माणसाने फार वेळ श्वास रोखून धरावा तसा. मी सवयीने काट्याकडे हात नेला, कार्ट्रिजं काढायला. बाबांचा हात माझ्या हातावर आला.

‘‘राहू दे.’’

‘‘चेहरा बिघडलाय, बाबा. स्माईलकडून छापून आणू? चांगला येईल.’’

‘‘नको,’’ बाबा म्हणाले. ‘‘तिथे सगळ्यांना सारखाच दर.’’

मी त्या वाक्यावर आजही मधून मधून जाऊन बसतो, बागेतल्या बाकावर बसावं तसा. फोटो जडशीळ ओला होता, कागद शाईच्या भाराने वाकला होता. बाबांनी तो दोन्ही हातांनी, कडांना धरून, खोलीभर फिरवून वाळवला. फुंकर घालत. सोमवारी तो कुरिअरला देताना, सोबत चिठ्ठी घालायची का, मी विचारलं. ते म्हणाले, काय लिहिणार?

मंगळवारी संध्याकाळी फोन वाजला. बाबा उठले आणि त्यांनीच घेतला, जे ते कधी घेत नाहीत. आईचा आवाज मला सोफ्यापर्यंत येत होता, ती फोनवर नेहमी दूरगावी बोलल्यासारखी मोठ्याने बोलते.

‘‘अहो, तुमचं तोंड असं जांभळं का झालंय?’’

‘‘पिवळी संपली.’’

‘‘कोट बाहेर काढलात? डांबराच्या गोळ्या होत्या त्याच्या खिशात.’’

‘‘आहेत अजून.’’

‘‘ताई म्हणते भुतासारखे दिसता. बाळ बघून रडलं.’’ मग थोडं थांबून, अगदी सहज, ‘‘शाई किती लागली हो एवढ्याला?’’

मी सोफ्याची कड धरली. बाबा सरळ उभे होते, फोटोतल्यासारखे.

‘‘मोजली नाही,’’ ते म्हणाले.

‘‘अं?’’

‘‘मोजली नाही म्हटलं.’’

‘‘काटा बिघडलाय का?’’

‘‘काटा ठीक आहे.’’

तिकडे काहीच ऐकू आलं नाही. बाळसुद्धा गप्प. मला वाटलं लाइन गेली. बाबांचं तोंड खरंच जांभळं व्हायला लागलं होतं. आणि मग आईचा आवाज आला, शिशाच्या दाराआडून यायचा तो, हजारो अनोळखी माणसांना तिने दिलेला, पण या वेळी जरा हलणारा: ‘‘बरं. सोडा आता श्वास.’’

बाबांनी सोडला. इतका मोठा की पडदा हलला.

आणि आता गुरुवार उगवायला माझी हरकत नाही. आई सकाळच्या गाडीने आली. बॅग बाबांनी उचलली ती दोन्ही हातांनी, छातीशी धरून, म्हणजे तोलता येऊ नये. ती दारातच थांबली, ओरखडे बघितले, उलटा पडदा बघितला, भिंती बघितल्या. ‘‘भिंती बऱ्या झाल्यात,’’ म्हणाली, ‘‘त्या राहू देत. पडदा कुणी लावला? डोळे होते का कपाळावर?’’ मग कपाट उघडून आत डोकं घालून उभी राहिली, बराच वेळ, काही शोधत नसताना. त्या दिवशी ऑफिसात एक गृहस्थ चौथ्या आणि पाचव्या मजल्यामध्ये अडकले होते. मी त्यांना म्हटलं, थोड्याच वेळात सुटाल बघा, आणि नोकरीत पहिल्यांदाच मला ते स्वतःला पटलं. ते म्हणाले, तुम्हाला काय झालंय? मी म्हटलं, काही नाही, आई आलीय. ते म्हणाले, अरे वा. खरंच आनंद झाला होता त्यांना, अडकलेले असूनही.

संध्याकाळी बाबा जाऊन शाईचा नवा संच घेऊन आले. किंमत सांगितली नाही, मी विचारली नाही, आणि ते खोका स्पर्धेतली ढाल आणावी तसा वर धरून जिना चढले. हेडमास्तरांनी दार किलकिलं करून पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं. आई बाळाचे फोटो छापत सुटली. रडणारं बाळ, झोपलेलं बाळ, बाळाची मूठ, बाळाच्या मुठीत ताईचे केस. सगळे अंधारातले, कारण तिला दिव्याचा भगभगाट आवडत नाही. बाबा शेजारी उभे राहून ओले कागद एकेक करून वाळवत होते. एका फोटोला किती पडले, हे आमच्या घरात आता कुणालाच माहीत नाही. मी सोफ्यावर पडून प्रिंटरच्या खोक्यातला घडीचा कागद वाचत होतो, जो कुणीच वाचत नाही. त्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की एका संचात अमुक इतके फोटो निघतात हा कंपनीचा हिशोब एका मानक छायाचित्रावर आधारलेला आहे. शेजारी ते छापलंही होतं: निळं आकाश, तीन फुगे, हसणारी मुलगी. मी उठून बसलो. आईला म्हटलं, पेन दे. आणि खालील मजकूर लिहिला, तो नोंदणीकृत टपालाने रवाना झाला आहे.

प्रति, माननीय व्यवस्थापक, मानक छायाचित्र विभाग. महोदय, विषयांकित प्रकरणी सविनय कळविण्यात येते की, आपले मानक छायाचित्र, म्हणजे फुगे तीन व मुलगी एक, हे घरगुती छपाईचा खरा खर्च दाखविण्यास अपुरे असल्याचे अर्जदाराच्या घरी सिद्ध झाले आहे. सबब, सदर छायाचित्र रद्द करून त्याजागी एक गृहस्थ, काळ्या कोटात, काळ्या कपाटासमोर, चेहरा जांभळा, हे छायाचित्र मानक म्हणून स्वीकारावे, व जगातील सर्व शाई यापुढे त्यावरून मोजावी. त्याची प्रत सोबत जोडलेली नाही. प्रत एकच असून ती अर्जदाराच्या आईने कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे आणि काढू देत नाही. तरी आपल्या संचालक मंडळाने पूर्ण संख्येने समक्ष येऊन पाहणी करावी. कपाट रोज सकाळी ती त्यातून कपडे घेते तेव्हाच उघडते, त्यामुळे मंडळाने त्याआधी येऊन, बूट बाहेर काढून, भिंतीला न टेकता, रांगेत उभे राहावे, ही नम्र विनंती.